तुटणारं गाणं

गाडीतलं गाणं सारखं मध्येच तुटायचं, म्हणून नवऱ्याला न सांगताच ती गॅरेजमध्ये आली. हल्ली त्याला काही सांगायचं ती टाळायचीच. गाडीतून बहिणीशी फोनवर जे बोलावं, ते संध्याकाळी तो शब्द न् शब्द म्हणून दाखवायचा. बहीणच चुगल्या करते असं वाटून तिने बहिणीशी बोलणंही टाकलं होतं.

इलेक्ट्रिशियनने गाणं लावलं, मीटर जोडला आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. "ताई, रेडिओ ठणठणीत आहे, अँप्लिफायरही. दोघांचं एकमेकांशी बोलणं तेवढं मध्ये तुटतंय."

बराच वेळ चाचपून त्याने तारेवरून काडेपेटीएवढी एक काळी डबी सोडवली, उघडून पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला.

"ही कंपनीची नाही. आत माइक आहे, सिमकार्ड आहे. गाडीत काय बोललं जातं ते कुणालातरी लांबून ऐकू जात होतं. कुणी बसवली?"

"मला... मला नाही ठाऊक," ती कशीबशी म्हणाली. गाडीत गाणं आता अजिबात न तुटता, अगदी स्वच्छ वाजत होतं.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. नवऱ्याचा फोन होता.



"काय गं," त्याने लाडात विचारलं, "गाणं का बंद केलंस?"