मादामचं ताट

"दिलंस परत? आजच?" सासूबाईंच्या हातातली लिची अर्धवट सोललेलीच राहिली.

साताऱ्याहून लग्न होऊन आल्यावर मॉरिशसमधला हा माझा पहिला नाताळ. गुलमोहर फुललेला, अंगाला घामाच्या धारा, आणि शेजारच्या मादाम रोझलिनच्या दारात सुरूच्या फांदीवर चक्क कापसाचा बर्फ! सकाळी त्यांनी ताट भरून केक पाठवला. भांडं रिकामं परत करू नये, म्हणून मी त्यात लिचीचे घोस भरले आणि तासाभरात देऊन आले.

"चुकलं का काही?"

"अगं, ते दिवाळीला फराळ भरून द्यायचं, तोवर ठेवायचं असतं. ती दर रविवारी ताट मागायला येते, चहा पिते, गप्पा मारते आणि ताट विसरून जाते. एकटी बाई ती. आता कुठल्या निमित्ताने येईल?"

मी ओशाळले.

दुपारी फाटक वाजलं. मादाम!

"तुझं ताट राहिलंय माझ्याकडे," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

मी बघतच राहिले. ताट तर त्यांचंच, आणि दोन्ही हात रिकामे.

सासूबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "असू दे. रविवारी मी येते मागायला."