परत आलेलं मशीन

मशीन परत आलं होतं. महिन्याभरातलं हे तिसरं.

मॅनेजरसाहेबांनी ते टेबलावर ठेवलं आणि ते खुर्चीत बसले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना जुन्या कॉम्प्युटरांचा नाद लागला होता. हे मशीन पंधरवड्यापूर्वीच इथून दुरुस्त होऊन गेलं होतं. चार दिवस नीट चाललं आणि मग पडद्यावर नुसता चिखल.

डॉक्टरने झाकण उघडलं. डॉक्टर म्हणजे माणसांचा नव्हे बरं का. जुन्या मशीनमधल्या त्या चपट्या पट्टीसारख्या केबली आणि त्यांचे कनेक्टर बदलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून शौकीन मंडळींनी ठेवलेलं नाव. डॉक्टरकडून गेलेलं मशीन परत येत नाही, असं सगळीकडे बोललं जायचं, आणि तो ते ऐकून मनातल्या मनात फुगायचा. आता मात्र तोंड लपवायची पाळी आली होती.

हल्लीचा मालच फालतू, असं तो पुटपुटला. मग त्याने डोळ्याला भिंग लावलं. मालात काही खोट नव्हती. कनेक्टरचं झाकण एका टोकाला पुरतं दाबलंच गेलं नव्हतं. तिथल्या दोन तारांत कनेक्टरचे दात रुतलेच नव्हते. वाइसच्या लोखंडी जबड्यात धरून आणखी एकदा आवळलं असतं तर भागलं असतं. नवशिक्याने केली असती तर डॉक्टरने त्याला उभा सोलला असता, अशी चूक.

मॅनेजरसाहेब भला माणूस. आढेवेढे घेत त्यांनी सांगून टाकलं, की ते ज्या संग्रहालयाला मदत करत, तिथल्या जुन्या मशीनचं काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं ठरतंय. वर्षभर डॉक्टर त्याच कामाची वाट बघत होता. निघताना त्यांनी सहज चौकशी केली, वहिनी गावाला गेल्यात का? पूर्वी आतून त्यांचा आवाज यायचा.

ते गेल्यावर डॉक्टर तसाच बसून राहिला. खरंच की, हल्ली तिचा आवाज येत नव्हता. पूर्वी तो शेवटचे स्क्रू आवळायला लागला, की बायको दारात येऊन उभी राहायची. नीट बसलंय ना? प्रत्येक मशीनला हेच. त्याचं डोकं फिरायचं. मागच्या उन्हाळ्यात तर एका गिऱ्हाइकासमोरच तो तिच्यावर खेकसला होता, तुला यातलं काय कळतं, तोंड बंद ठेव म्हणून. तेव्हापासून घर कसं शांत होतं. खोटं कशाला बोला, ती शांतता त्याला आवडलीही होती.

एकदम त्याच्या मनात एक शंका आली आणि तो उठून आत गेला. ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"खरं सांग. मी नसताना तू माझे कनेक्टर दाबून ठेवायचीस का?"

ती थोडी हसली. "मला कुठलं काय येतंय? मी आपली विचारायचे. मग तुम्ही मला खोटं पाडायला झाकण परत उघडायचात. आणि उघडलंच आहे, तर पुन्हा एकदा आवळायचात."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या हाताचा तोरा मिरवला, तो हात एकट्याचा नव्हताच. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण तेवढंही धाडस होईना.

"चुकलं माझं," तो कसंबसं म्हणाला. "उद्यापासून विचारत जा. कुणीही समोर असो."

तिने त्याच्या शर्टाची घडी केली, हाताने सपाट केली आणि चवडीवर ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता. रुसवासुद्धा नव्हता.

"विचारेन की, तुम्ही म्हणताय तर," ती म्हणाली. "पण तेव्हा काळजी वाटायची म्हणून विचारायचे."