मांडीवरचं बाळ

चित्रकार नवरा जाऊन महिना झाला नाही, तोच तिच्या दोन्ही मुलांची त्याच्या एका चित्रावरून जुंपली. नुसत्या रंगीत ठिपक्यांनी साकारलेली ती आणि तिच्या मांडीवरचं बाळ.

"बाळ मीच. तू तेव्हा जन्मला तरी होतास का?" थोरल्याने विचारलं. धाकट्याने सरळ त्याची गचांडी धरली.

तिला राहवलं नाही. "तुमच्या बाबांचा हात संथ. एकेक ठिपका देता देता थोरला मांडीत मावेनासा झाला. चेहरा त्याचा आहे. खालचं सगळं मग धाकट्याला बसवून काढलं. दोघांचंही आहे ते. आता पुरे करा."

धाकटा गचांडी सोडून आत गेला. तिला वाटलं, मिटलं एकदाचं.



धाकटा आतून कात्री घेऊन आला. "आई, दादा नक्की कुठपर्यंत आहे, तेवढं बोट ठेवून दाखव."