वाळूतलं जोडवं

"पाय उचलून टाकू नका गुरुजी. घासत घासत चाला," हिरालाल म्हणाला.

प्रेमदास गुरुजींनी मुकाट्यानं ऐकलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी शिकवलेलं खपत नसे, पण वर्धा नदीच्या या वाळूवर हिरालाल सांगेल ते प्रमाण होतं. ऊन अजून कोवळं होतं. गार वाळू बोटांमधून सरसर निसटत होती.

"असं घासलं का तळव्याच्या नसा मोकळ्या होतात न?"

"होत असतील," हिरालाल म्हणाला. त्याची नजर पायांवरून हलली नाही.

गावात चपलांचं एकुलतं एक दुकान हिरालालचं, आणि अनवाणी चालायला सारं गाव त्याच्याच मागे. लोक चिडवायचे, "शेठ, आता दुकानाले कुलूप लावता का?" तो हसून सोडून द्यायचा. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

कार्तिक पौर्णिमेला अंधार असतानाच तो आणि त्याची बायको सुलोचनाबाई नदीवर स्नानाला आले होते. घरी परतल्यावर तिनं पाय धुतले आणि ओसरीवरच मटकन बसली. उजव्या पायातलं जोडवं गायब. लग्नात बोटात घातलेलं, कधी न काढलेलं. ते हरवणं म्हणजे नवऱ्याच्या जिवावर बेतणं, हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यात दिवाळीतच हिरालालच्या छातीत कळ येऊन गेलेली.

"नवं घडवू," तो म्हणाला होता.

"नव्याले काय करू?" सुलोचनाबाईनं डोळ्यांना पदर लावला. "तेच पाह्यजे. सापडेपर्यंत माह्या जिवाले चैन नाई."

"पडलं कुठं पण?"

"काय सांगू? काठाकाठानं किती दूर गेलतो आपण. अन् चपला घालून शोधू नका. पायाखाली आलं तरी समजणार नाई."

दुसऱ्या दिवसापासून हिरालाल पहाटे वाळूवर हजर. दुकानापासून देवळापर्यंत जायलाही स्कूटर काढणारा हा माणूस. पण बायकोचा उतरलेला चेहरा त्याला बघवत नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो घाबरलाही होता. छातीतली ती कळ तो विसरला नव्हता.

थोड्याच दिवसांत गुरुजींनी त्याला गाठलं. "काय करून राह्यले शेठ?"

"तब्येतीसाठी चालतो," हिरालालच्या तोंडून निघून गेलं.

झालं. गुरुजींनी कुठेतरी वाचलेल्या गोष्टी त्याला जोडल्या आणि गावभर केल्या. आधी त्यांची बायको मीराबाई आली, मग तिच्या मैत्रिणी, मग सहकारी सोसायटीतली मंडळी. कुणाची झोप सुधारली, कुणाची कंबर. हिरालालला त्याचं सोयरसुतक नव्हतं. जेवढे पाय जास्त तेवढं बरं, एवढंच त्याच्या डोक्यात. आज बाभळीकडचा पट्टा, उद्या डोहाकडचा, असं तोच ठरवून द्यायचा. "पायाले काही टोचलं तर मले सांगा," हे मात्र रोज बजावायचा. लोकांना वाटे, केवढी काळजी करतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ग्रामसभा लागली. विषय निघाला वाळूघाटाच्या लिलावाचा. ग्रामसभेनं होकार दिला की पट्टा ठेकेदाराच्या हाती, आणि नदीत ट्रॅक्टरच ट्रॅक्टर.

हिरालालला पुढचं सगळं दिसलं. सुलोचनाचं जोडवं फावड्यानं उचललं जाणार आणि कुण्या परक्या गावच्या स्लॅबमध्ये गाडलं जाणार. मग शोधायचं कुठं?

गिऱ्हाईक तुटेल म्हणून जन्मात कुणाच्या विरोधात न बोललेला हिरालाल उभा राहिला.

"ही वाळू देऊ नका," तो म्हणाला. "खड्डे पडतीन. विहिरी आटतीन. वाळूवर टिटव्या अंडी घालतात, मी रोज पाहतो. कोणाचं काय काय हाय त्या वाळूत, तुमाले नाई समजणार."

एवढं बोलून तो खाली बसला. मग गुरुजी उभे राहिले, मीराबाई उभी राहिली, आणि अनवाणी चालणारी सगळीच मंडळी उठली. सरपंच अंकिताताईंनी हात वर करायला सांगितले. लिलावाला गावाचा नकार लिहिला गेला.

बाहेर पडताना एकानं विचारलं, "शेठ, तुमाले काऊन एवढी माया वाळूची?"

"असते एखाद्याले," हिरालाल म्हणाला आणि डोळे पुसत घराकडे निघाला.

सुलोचनाबाई ओट्यावर वाट बघत होती. तो पायऱ्या चढून आला. पूर्वी अर्ध्यात थांबून कठड्याला धरायचा, आज तसाच वर आला. पोट उतरलं होतं, चेहऱ्यावर तुकतुकी होती.

"वाळू वाचली," तो म्हणाला. "आता कुठं जात नाई ते. सावकाश शोधू."

"कंटाळले नाई तुम्ही?"

"कंटाळा कायचा? तुह्या पायात जोडवं गेल्याशिवाय मी काही मरत नाई."

सुलोचनाबाईला एकदम भरून आलं.

"उद्या डोहाच्या पल्ल्याड पाहा," ती म्हणाली. "तिकडंबी गेलतो आपण."

"पाहतो न. लवकर निघीन."

तो हातपाय धुवायला गेला. ती स्वयंपाकघरात आली, वरच्या फळीवरचा मोहरीचा डबा काढला आणि तळापर्यंत बोटं घातली. जोडवं जागच्या जागी होतं, कार्तिक पौर्णिमेला नदीवर निघण्याआधी तिनं ठेवलं होतं तिथंच.