नाथाजींचा डाव

१९९७ साली मी साताऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. लष्करातून निवृत्त झालेले नाथाजी रोज सकाळी तासभर येऊन कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळत, कारण गावात त्यांच्या तोडीचं कोणी उरलं नव्हतं. सर्वांत अवघड पातळीवरचा एकच डाव एकोणीस दिवस चालला होता आणि ते दोन प्याद्यांनी पुढे होते. त्या दिवशी मी त्यांना सांगितलं, "काका, हार्ड डिस्क खराब होत चाललीय. दुपारी बदलणार आहेत. तुमचा डाव कुठल्या फाईलमध्ये आहे तेच मला सापडत नाही." शेकडो फायली होत्या आणि एकाही नावावरून काही कळत नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत नाथाजींनी एक प्यादं सरकवलं आणि डाव सेव्ह केला. "म्याडम, अकरा वाजून सात मिन्टं झाली. फायलीफुडं टाइम लिवलेला असतो न्हवं? अकरा-सातची हुडका, ती आपली." तशी एकच फाईल निघाली. मी ती फ्लॉपीवर घेतली. दुसऱ्या दिवशी नव्या डिस्कवर डाव जसाच्या तसा उघडला. शिकवणारी मी, पण मला हे सुचलं नव्हतं, आणि तसं मी त्यांना सांगितलंही. चार दिवसांनी मात्र नाथाजी हरले. आता ही फाईल पुसू का, असं मी विचारलं. "नगं," ते म्हणाले, "लय भारी खेळला गडी. मी कुठं चुकलो ते बघायचं हाय."