मागाच्या खडखडाटात

नातीचं, संस्कृतीचं, बारसं झालं ते दोन हजार एकोणीस साली. त्याच महिन्यात सोलापूरच्या साखर पेठेतल्या घरातले दोन्ही यंत्रमाग भंगारात गेले. आवाजात पोर झोपत नाही, हे कारण. एकतीस वर्षं जिथं टॉवेल विणले गेले तिथं पिस्ता रंगाची भिंत आली, सोफा आला. घर इतकं शांत झालं की पाल चुकचुकली तरी माणसं दचकायची.

आणि अशा छान घरात आजी, म्हणजे महानंदा, वाळायला लागली.

दोन महिन्यांत पाच किलो उतरली. अर्धी भाकरी ताटात टाकून उठायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली, काही सापडलं नाही. सून सिद्धेश्वरी हुशार. दोष अत्तींच्यात, म्हणजे सासूबाईंच्यात नाही, घरात आहे, हे तिनं ताडलं. जुळे सोलापुरातून वास्तूचं बघणारे एक गृहस्थ बोलावले. त्यांनी होकायंत्र ठेवून खाट फिरवली, कोपऱ्यात मनीप्लांट लावला आणि दारात किणकिणणाऱ्या नळ्यांचा झुबका टांगला.

"याचा नाद कानावर पडला की मन प्रसन्न होतं," ते गुरुशांतला म्हणाले. गुरुशांतनं मान डोलावली. महानंदाचा हा नवरा बोलण्यात पहिल्यापासूनच कंजूष.

महानंदा वाळतच राहिली.

दुखणं काय आहे ते तिला एकटीला ठाऊक होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. एकतीस वर्षं नवरा मागावर उभा राहायचा आणि ती समोर बसून कांड्यांवर सूत भरायची. दोन मागांच्या खडखडाटात तिचं बोलणं तिलाच ऐकू यायचं नाही. म्हणून तर ती बोलायची. सासूबद्दल, नणंदेबद्दल, गळक्या पत्र्याबद्दल, आणि सगळ्यात जास्त समोरच्या ठोंब्याबद्दल. मनात आलं की तोंडात. संध्याकाळी बटण बंद झालं की हलकी होऊन स्वयंपाकाला लागायची. सासू अख्ख्या गल्लीला सांगत फिरायची, माझी सून म्हणजे गाय.

आता गाय तुंबली होती. या घरात नुसतं पुटपुटलं तरी एका खोलीत मुलगा ऐकणार, दुसरीत सून.

एके दुपारी मुलगा महेश्वर कामावर होता, सून आत पोरीला निजवत होती. महानंदा लसूण सोलत बसली होती. गुरुशांतनं पाट ओढला आणि तिच्यासमोर बसला.

"का गं, बोलंनाशी झालीस?"

"काय बोलायचं?"

"रोज बोलत हुतीस की. कांड्या भरताना."

तिच्या हातातला लसूण सुटला. "तुमाला ऐकू येत हुतं?"

"न्हाय. ओठ दिसत हुते. मागावर जल्म गेला, ओठ बघून कळतंय सगळं. एरवी ठोंब्या म्हणायचीस. सणावाराला मुका खांब."

महानंदाची मान खाली गेली. मग त्या लाजेखालून एकेक गोष्ट वर यायला लागली. पत्रा गळतो म्हणून ती बडबडली होती आणि मृगाच्या आधी नवा पत्रा आला होता. महिनाभर राहणारी नणंद एका दिवाळीपासून चौथ्या दिवशी परत जायला लागली होती. मोरपंखी इरकल लुगडं तर तिनं एकदाच, सुताशी बोलता बोलता, मागितलं होतं, आणि तेही आलं होतं. दर वेळी, देवानंच ऐकलं म्हणून, तिनं सिद्धेश्वराला नारळ फोडला होता. आणि त्या नारळाचा प्रसाद हा माणूस समोर बसून निमूट खात होता!

"आता कसं बोलू?" आतल्या खोलीकडे एकदा बघून ती त्याला कुजबुजली. "माग ग्येले. सून ऐकल की."

"मग आवाज कशाला काढतीस? नुसते ओठ हलीव. मला धा वर्षं झाली, कायबी ऐकू येत न्हाय."

महानंदाला आठवलं. आपण बोलायला लागलो की हा माणूस तोंडावरची नजर हलवत नाही, हे तिनं आपल्या बहिणीला किती तोऱ्यात सांगितलं होतं!

"आन् कुणाला बोलला न्हाईसा?"

"बोलून काय? माग चालू असू दे न्हायतर बंद, मला एकच. तू गप झालीस, तवा माझं घर बंद पडलं."

तिनं खाली पडलेला लसूण उचलून ठेवला. मग तिचे ओठ हलले. पहिला शब्द ठोंब्या हाच होता. गुरुशांत खुदकन हसला आणि पाट आणखी पुढं ओढून बसला.

थोड्या वेळानं सिद्धेश्वरी बाहेर आली. सासू-सासरे समोरासमोर बसलेले, कुठं आवाज नाही. ती पावलं न वाजवता मागं फिरली आणि अक्कलकोटला आईला फोन लावला. "वास्तूचा गुण आला बघ. दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसलेत. किती शांती आलीय घरात!"

तेव्हा विषय तिच्याच सोफ्याचा चालला होता.

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा येईपर्यंत महानंदाचे पाच किलो भरून आले. वास्तूवाल्यांना त्या गल्लीत आणखी तीन घरं मिळाली. दुपारची बैठक मात्र कधी चुकली नाही. सणालाही नाही, पाहुणे असले तरी नाही.

चार वर्षं असं चाललं. मग एका दुपारी बोलता बोलता तिला दिसलं, समोरचे डोळे उघडे आहेत, पण तिच्या तोंडाकडे नाहीत. तिनं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला नाव घेऊन हाक मारली, तीही गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी. गुरुशांत दोन हजार तेवीस सालच्या मार्गशीर्षात, दुसऱ्या सोमवारी, दुपारी तीनच्या सुमारास वारला.