शाल कशाची

वर्षाराणीच्या डोक्यावर फेटा चढत होता, तेव्हाच तिनं नुकताच आलेला मेल उघडून वडिलांच्या हातात मोबाइल दिला. मुरुडच्या समाजमंदिरातल्या खुर्च्या भरत आल्या होत्या.

"विंग्रजी हाय हे. तूच सांग," भागवत म्हणाला.

तिनं हळू आवाजात सांगितलं. भूकंपाच्या लहरी वाचणारं ते सॉफ्टवेअर जगभरातली माणसं मिळून लिहीत आणि कुणालाही फुकट देत. दर उन्हाळ्यात काही विद्यार्थी निवडून त्यांना हाताशी धरून शिकवत. वर्षाराणी हिवाळाभर त्यातल्या चुका दुरुस्त करून पाठवत होती. 'तुझं नाव पक्कं समज,' असं तिकडच्या बाईंनी लिहिलंही होतं. पण यंदा अर्जांचा पूर आला. निम्मे मशीनकडून लिहून घेतलेले. वाचायलाच माणसं पुरेनात. शिकवणं यंदापुरतं बंद.

भागवतनं दाराकडं पाहिलं. सत्कार ठरला तेव्हा निकाल अजून लागायचा होता, पण अण्णाराव सभापतींना आजचाच दिवस मोकळा होता. हेडमास्तरांच्या निरोपासाठी हॉल, हार, माइक सगळं आयतंच होतं. म्हणून पोरीचा सत्कारही आजच उरकायचं ठरलं होतं.

"कार्यक्रम होऊ दे. मग बघू."

"बाबा, खोटी शाल घेऊ?"

"लोकं येऊन बसलेत, पोरी. गप ऱ्हा."

पहिल्या रांगेत तिचा काका, श्रीमंत, बसला होता. घरात बोलणी झालीच होती. निवड झाली तर पुण्याला एम.एस्सी. नाही झाली तर औशाला काकाच्या सेंटरवर बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचे. त्यानं तिच्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. कालच फोटो पाठवला होता, पाठीला गादी असलेली.

अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. वर एप्रिलचा तापलेला पत्रा. एका बाजूला अण्णाराव, दुसऱ्या बाजूला हेडमास्तर, पुढं टेबल. उठून जायला वाटच नव्हती.

"दोन शब्द बोल, बाई," अण्णाराव म्हणाले.

तिनं माइक धरला. "माझी निवड झाली नाही. कुणाचीच झाली नाही. त्यांनी ते शिकवणंच यंदा बंद केलंय."

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. मागून दस्तगीर टेलर ओरडला, "मग ही शाल कशाची म्हणायची, भागवतभाऊ?"

हॉल खदखदून हसला. अण्णाराव घड्याळात बघू लागले. श्रीमंत तेवढा हसला नाही. तो निवांत मागं रेलला.

भागवत भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं आला. त्याला माइक लागला नाही.

"पुण्याला चाललीय ती. एम.एस्सी.ला. त्याची हाय शाल."

हशा विरला. आधी हेडमास्तरांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. अण्णारावांनीही वाजवली.

श्रीमंतनं उठून भागवतची बाही ओढली. "दादा, काय बोलायलास? घरी काय ठरलं होतं?"

"बोललो आता. सगळ्या गावादेखत बोललो. आता कुठं जाऊ माघारी?"

हेडमास्तरांचं भाषण सुरू झालं. भागवत गुपचूप लेकीच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला. मग तिच्या कानाशी वाकला.

"मोठी बॅग कुठं मिळती गं? आपल्या घरी समद्या पिशव्याच हायत."